गरोदरपणात न विचारता एचआयव्हीची तपासणी केली, तर पुढच्या वेळी नाही म्हणावं का?

तुम्ही लिहिलंय, उपकेंद्रावर सिस्टरनं बाकीच्या तपासण्यांसोबत एचआयव्हीसाठीही रक्त घेतलं आणि ते तुम्हाला कार्डावर वाचून कळलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. न सांगता तपासणी करणं चूकच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे आधी माहिती द्यायची, संमती घ्यायची आणि निकाल गुप्त ठेवायचा. तुम्ही नाही म्हटलं म्हणून बाळंतपण कुणी अडवू शकत नाही.

तरीही ताई, नाही म्हणू नका. आईला लागण असून औषध नसेल तर बाळाला ती होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. आणि या गोळ्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, मोफत मिळतात.

मी बाईला एकटीलाच आत बोलावते, सासूला बाहेर बसवते. बोट टोचण्याआधी सांगते, की उपकेंद्रावर रिॲक्टिव्ह, म्हणजे लागणीचा संशय, आलं तरी तो पक्का निकाल नव्हे; आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पुन्हा तपासून मगच ठरतं. हे ज्यांना कुणी सांगितलेलं नसतं त्या 'रिॲक्टिव्ह' ऐकून हादरतात, कापूस वेचणीला निघून जातात आणि परत येतच नाहीत. इथंच मूल हातचं जातं. म्हणून ती पाच मिनिटं मला कुठल्याही फॉर्मवरच्या सहीपेक्षा मोलाची वाटतात.

पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल तर तिथलं रुग्णालय कुठलं ते सिस्टरला आधीच सांगून ठेवा. आई पॉझिटिव्ह असेल तर लागण होऊ नये म्हणून बाळाला जन्मल्याबरोबर औषधाचं सिरप सुरू होतं, साधारण ६ आठवडे, कधी १२. सहाव्या आठवड्यात बाळाच्या तपासणीसाठी टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, शेवटचा निकाल १८ महिन्यांनंतर. अंगावर पाजायचं ठरलं तर सहा महिने फक्त आईचंच दूध, आणि आईच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आपल्याकडे अडतं ते घुटीवर, मधावर. पण घुटी कुठल्याच तान्ह्या बाळाला द्यायची नसते. त्यामुळे 'डॉक्टरनं नाही म्हटलं' एवढं आजीला पुरतं, आजाराचं नाव घ्यावं लागत नाही.

आता सिस्टरला भेटून झालेल्या तपासणीचा निकाल मागा, एकटीनं. नवऱ्यालाही तपासणीला आणा. तिथं बोलायला संकोच वाटला तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे.