पोस्टपेड घेतलंस, आता लिमिट लाव

भावा, पोस्टपेड सिम घेतलंस, चांगलं केलंस. पण प्रीपेडची सवय डोक्यातनं काढ. तिथं पॅक संपला की नेट बंद पडतं किंवा रखडतं. इथं प्लॅन नीट बघितला नाहीस तर मीटर गपचूप चालू राहतो, आणि कळतं ते बिल आल्यावर.

माझंच सांगतो. दुबईला चार दिवस गेलो होतो, रोमिंग पॅक घेतला नव्हता. खिशातला फोन आपला आपण फोटोंचा बॅकअप घेत बसला. बिल बघून राजारामपुरीत चहाचा कप हातातच राहिला! कंपनीशी भांडलो, पण चूक माझीच होती.

अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये डेटा वॉर्निंग आणि डेटा लिमिट असतं. वॉर्निंग नुसती सांगते, लिमिट नेट बंद करतं, दोन्ही लाव. मोजणीची तारीख मात्र तुझ्या बिलाच्या तारखेशी जुळव, नाहीतर आकडे चुकणार. आयफोनमध्ये असं तोडणारं लिमिट नाही, तिथं ॲपनिहाय मोबाईल डेटा बंद करावा लागतो. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड वायफायवरच ठेव. आपल्या तालमीच्या ग्रुपवर गणपतीत किती व्हिडिओ पडतात, तुला माहीतच आहे.

अगदीच गडबड वाटली तर इंग्रजीत 'स्टॉप' लिहून १९२५ ला मेसेज कर, डेटा बंद होतो. परत हवा तर 'स्टार्ट'. आणि परदेशी जाताना डेटा रोमिंग विमानात बसायच्या आधीच बंद कर, उतरल्यावर नव्हे.