ग्वामच्या डेलिगेटला हाऊसमध्ये मत नाही, मग मॅडलिन बोर्डालो यांनी 16 वर्षं नक्की केलं काय?

तुम्ही म्हणताय की त्या 2003 ते 2019 ग्वामच्या (पॅसिफिक महासागरातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट) डेलिगेट म्हणजे प्रतिनिधी म्हणून अमेरिकन संसदेच्या हाऊस या खालच्या सभागृहात होत्या तरी त्यांच्या नावावर मोठा कायदा दिसत नाही. दिसणार नाहीच, कारण तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय.

डेलिगेटला बिल मांडता येतं, सभागृहात बोलता येतं, कमिटीत तर मतही देता येतं, फक्त शेवटी पूर्ण हाऊस बिल पास करतं तेव्हा मत नाही. 'कमिटी ऑफ द होल' म्हणून एक टप्पा असतो, त्यात पूर्ण हाऊस कमिटीसारखं बसून बिलातल्या दुरुस्त्यांवर मत देतं; तिथे डेलिगेट्सना मताचा हक्क 1993 ला दिला, 1995 ला काढला, 2007 ला परत दिला, 2011 ला परत काढला, 2019 ला पुन्हा दिला, आणि तेही असं की डेलिगेट्सच्या मतांमुळे निकाल फिरत असेल तर त्यांना वगळून पुन्हा मतदान. आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ग्वामचं कोणीच नाही, खरी मेख तिथेच आहे.

युद्धाच्या भरपाईचंच घ्या. डिसेंबर 1941 ते जुलै 1944 ग्वाम जपानच्या ताब्यात होतं, लोकांना वेठीला धरलं, छावण्यांत डांबलं, बायकांवर अत्याचार झाले, माणसं मारली. 1951 च्या शांतता करारात अमेरिकेने जपानवरचे दावे सोडून दिले, मग भरपाई अमेरिकेनेच द्यावी ही ग्वामची मागणी, आणि मला ती शंभर टक्के रास्त वाटते. बोर्डालोंच्या आधीचे डेलिगेट रॉबर्ट अंडरवूड यांच्या प्रयत्नातून 2002 ला चौकशी आयोगाचा कायदा झाला, आयोगाने 2004 ला सांगितलं की पैसे द्या. मग बोर्डालो दर वेळी बिल आणायच्या, 2007 ला हाऊसने पास केलं, 2009 ला पण केलं, आणि सिनेटमध्ये अडकलं, कारण तिथे धरून बसणारं ग्वामचं माणूसच नाही.

शेवटी डिसेंबर 2016 ला भरपाईचं बिल वार्षिक डिफेन्स बिलात (संरक्षण खात्याचं बिल) घातलं गेलं, हे डिफेन्स बिल दरवर्षी पास होतंच आणि बोर्डालो ते हाताळणाऱ्या आर्म्ड सर्व्हिसेस कमिटीवर होत्या. म्हणजे मजकूर त्यांचा, लढाई त्यांची, कायदा दुसऱ्याच नावाचा आणि त्यावरच्या अंतिम मतदानात त्यांना मत नाही! म्हणून डेलिगेटचं रेकॉर्ड बघताना 'नावावर किती कायदे' हा आकडा सोडून द्या, त्यांच्या बिलांचा मजकूर पुढे कुठल्या मोठ्या बिलात शिरला ते शोधा. वेळ जातो पण खरं काम तिथेच सापडतं.

त्यांचं काम पूर्ण झालं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या कायद्यात दावे तपासायची सोय होती पण पैसे प्रत्यक्ष वाटायची तरतूद नीट नव्हती, त्यामुळे दावे मंजूर होऊनही ट्रेझरीकडून (अमेरिकेचं अर्थखातं) पैसे सुटेनात. 2018 च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) बोर्डालोंना हरवून आलेल्या मायकल सॅन निकोलस यांनी दुरुस्तीचं बिल आणलं, ते 2020 ला कायदा झालं. रक्कम 10,000 ते 25,000 डॉलर, तोवर युद्ध संपून 75 वर्षं, कितीतरी म्हातारी माणसं वाट बघतच गेली. आणि हे पैसे येतात कुठून, तर ग्वाममधल्या फेडरल कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या इन्कम टॅक्समधून जो वाटा एरवी ग्वामच्याच सरकारला मिळतो त्यात 2014 नंतर झालेल्या वाढीतून, म्हणजे भरपाई जवळपास ग्वामच्याच खिशातून. सिनेटमध्ये ग्वामची राज्यांसारखी दोन माणसं असती तर हे असं लिहिलं गेलं असतं असं मला वाटत नाही.