चुकलं तर?

तिशी-पस्तिशीतली जोडपी माझ्याकडे येतात ती सहसा घराचं कारण सांगून येत नाहीत. झोप उडाली आहे, चिडचिड होते, आठवडाभर अबोला आहे, असं काहीतरी सांगतात. अर्ध्या तासात घर निघतं. आणि मग ते वाक्य येतं, जे मी आता पाठ म्हणू शकेन: ‘घ्यायचंय हो, पण चुकलं तर?’

त्यातल्याच एका जोडप्याची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि सहा बैठका चार-दोन संवादांत कोंबल्या आहेत.

तो फाईल घेऊन आला होता. समुपदेशनाला फाईल घेऊन येणारी माणसं दोनच प्रकारची असतात: ज्यांचं कोर्टात चालू आहे ती, आणि ही. तीन वर्षांत पाहिलेली ४३ घरं, प्रत्येकाचा कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. किंमत, क्षेत्रफळ, इमारतीचं वय, पाण्याचा दाब, ऊन कुठल्या बाजूनं येतं, ऑफिसचं अंतर, सगळे रकाने नीट भरलेले. शेवटचा रकाना ‘शंका’. बाकीच्या रकान्यांत आकडे होते, या रकान्यातला मजकूर मात्र कागद उलटून मागच्या बाजूला गेला होता.

“तीनदा टोकनपर्यंत पोचलो, मॅडम,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा आदल्या रात्री ह्यानं माघार घेतली.”

“तिसऱ्या वेळी कागदपत्रांत घोळ होता.”

“घोळ? मालकाच्या नावात एक अक्षर चुकलं होतं.”

(अक्षरसुद्धा दुरुस्त करून घ्यावंच, कुठलाही वकील हेच सांगेल. पण त्यासाठी घर सोडून द्या, असं तो सांगणार नाही.)

मग ती तिच्या मुद्द्यावर आली. “आम्हाला याच वर्षी घ्यायलाच हवं. माझ्या मैत्रिणींची कर्जं अर्धी फिटत आली.”

मी विचारलं, “त्यांनी घरं कधी घेतली?”

“पाच-सहा वर्षं झाली.”

मी कागद ओढला. समुपदेशकानं हिशेब करावा का, यावर माझ्या व्यवसायात मतभेद आहेत. मी करते, कारण भीतीला आकडा दाखवला की ती निदान जागेवर बसते. २० वर्षांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के धरलं, तर पहिल्या हप्त्यातल्या दर शंभरांतले सुमारे ८२ व्याजात जातात, मुद्दल फिटते ती फक्त १८. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, तरी सुमारे ८८ टक्के मुद्दल शिल्लकच असते. मध्ये जास्तीचे पैसे भरले नाहीत, तर कर्ज निम्मं व्हायला जवळपास १४ वर्षं लागतात. आणि शेवटी, घेतलं त्याच्या दुपटीहून थोडं जास्तच परत केलेलं असतं.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. “म्हणजे त्यापण अजून सुरुवातीलाच आहेत?” तिचे खांदे जरा खाली आले. तीन वर्षं ती एका अशा शर्यतीत धापा टाकत होती, जिच्यातले पुढचे स्पर्धक दोनच पावलं पुढे होते.

तिचं असं सुटलं. त्याचं सुटेना. हे सगळे आकडे त्याला आधीच माहीत होते.

इथे माझ्या पद्धतीबद्दल दोन ओळी. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. १९५५च्या सुमारास त्यांनी मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचाराचा गाभा असा, की प्रसंग माणसाला जेवढा छळतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलचा त्याचा हट्ट छळतो. तो हट्ट पकडण्यासाठी एलिस ‘मस्ट’ आणि ‘शुड’ शोधत असत. मराठीत काम करणाऱ्याला एवढे कष्ट नाहीत, आपल्याकडे एकच अक्षर पुरतं: ‘च’. घ्यायलाच हवं. चुकताच कामा नये. बैठकीत मी बाकी काही ऐको न ऐको, ‘च’ ऐकते. लहानपण खणत बसण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे, लपवत नाही.

तिसऱ्या बैठकीत मी त्याला म्हटलं, “वाक्य पूर्ण करा. घर घेतलं, आणि ते चुकलं, तर...”

“तर संपलंच.”

“काय संपलं?”

“म्हणजे... पैसे अडकले.”

“अडकले. मग?”

“विकावं लागेल. तोट्यात.”

“मग?”

“मग परत भाड्यानं राहायचं.”

“आत्ता कुठे राहता?”

तो ओशाळून हसला. “भाड्यानंच.” मग लगेच सावरून म्हणाला, “पण तोटा होईल ना, मॅडम!”

बरोबर होतं त्याचं. तोटा हा तोटाच. मी तो कमी करून दाखवला नाही. घाबरलेल्या माणसाला ‘काही होत नाही हो’ म्हणणं हा त्याचा अपमान असतो. एवढंच विचारलं, “तो तोटा भरून निघायला किती वर्षं लागतील?” त्यानं मनातल्या मनात गणित केलं. “चार. फार तर पाच.”

“मग ‘संपलंच’ हे कुठून आलं?”

तो गप्प झाला. ती काही बोलायला गेली, मी हातानं थांबवलं. खोलीत घड्याळाचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “माझ्याकडे सगळे सल्ला विचारायला येतात. फोन कुठला घेऊ, गाडी कुठली घेऊ. मी कधी चुकत नाही. घर चुकलं तर मी...” आणि फाईल मिटली.

इथे मला जे उमगलं ते मी त्यानंतर कितीतरी जोडप्यांशी बोलताना वापरलं आहे. ‘चुकलं तर?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. घर चुकलं तर काय, हा पहिला. त्याला उत्तर आहे: वकील, इंजिनिअर, कॅल्क्युलेटर. मी चुकलो तर मी कोण, हा दुसरा. याला फाईलमध्ये रकाना नाही. माणूस दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या कागदांत शोधत राहतो, म्हणून घरं ४३ होतात आणि उद्या ९० होतील.

मी त्याला ‘शंका’ रकान्यातली वाक्यं दोन रंगांत रंगवायला दिली. घराबद्दलची निळी, स्वतःबद्दलची लाल. पुढच्या बैठकीला तो आला तेव्हा ‘ओलीचा वास येतो’ निळं होतं, ‘नंतर स्वस्त मिळालं असतं तर?’ लाल होतं, आणि लाल जवळपास दुप्पट होतं. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं, की खऱ्या आयुष्यात माणूस सर्वोत्तम शोधू शकत नाही, तो पुरेसं चांगलं शोधतो. सायमनना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. ते सांगितल्यावर याला बराच धीर आला. हुशार माणसांना नोबेलवाल्यानं परवानगी दिलेली चालते.

निळ्या शंकांचं काय करायचं, हे आता तुम्हालाच सांगते, कारण पहिलं घर घेणारे यातलं निम्मं विसरतात. तीनच अटी अशा ठरवा ज्यांवर माघार नाही, आणि त्या घर बघायला निघण्याआधी कागदावर लिहा. बाकी सगळं ‘असलं तर बरं’. आवडलेलं घर तीन वेळा बघा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री, आणि जमलं तर पावसात. कागदपत्रं तपासणारा वकील तुमचा हवा. विकणाऱ्यानं सुचवलेला कितीही सज्जन असला तरी नको. बँक किती कर्ज मंजूर करते यावरून तुम्हाला किती झेपेल हे ठरत नाही. व्याजदर बदलता असेल, तर मघाच्याच हिशेबात दर एका टक्क्यानं वाढल्यावर हप्ता सात टक्क्यांहून जास्त फुगतो, तेव्हा त्या वाढलेल्या आकड्यावर घर चालतंय का ते बघा. सगळी शिल्लक पहिल्या रकमेत ओतू नका. नोंदणी, कर, विमा, सामान हलवणं, दुरुस्ती हे सगळं किमतीच्या वर येतं, आणि त्याशिवाय सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट, हाताशी राहायला हवा. मुद्दल सुरुवातीला किती सावकाश फिटते ते वर पाहिलंतच. दोन-तीन वर्षांत गाव बदलायची शक्यता असेल, तर भाड्यानं राहण्यात काहीही कमीपणा नाही.

आणि माझा आवडता उपाय, हप्त्याची रंगीत तालीम. आत्ताचं भाडं आणि उद्याचा हप्ता यांतला फरक सहा महिने दर महिन्याच्या एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका. पोट मारून जगावं लागलं तर ते कर्ज घेण्याआधी कळतं. जमलं तर पैसे साठलेले असतात. या दोघांनी तालीम केली. चौथ्या महिन्यात त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यातून ठरलं की पाहत होते त्याहून एक खोली लहान घर पाहायचं. यात माझा काहीही हात नव्हता.

वर्षभरानं त्याचा फोन आला. घर घेऊन पाच महिने झाले होते. फाईलमधलं नव्हतंच, म्हणे, नवीनच एक पाहिलं आणि दोन आठवड्यांत ठरवलं.

“पण मॅडम, बेडरूमच्या भिंतीला ओल आली.”

माझा हात आपसूक पेनाकडे गेला. “मग?”

“मग काही नाही, वर गळतंय कुठेतरी. हिनं तिकडचा पलंग सरकवला. तुमच्या ओळखीत कोणी चांगला वॉटरप्रूफिंगवाला आहे का, म्हणून फोन केला.”

नव्हता. माझ्या स्वतःच्या घरात पुस्तकांच्या कपाटामागची ओल सहा वर्षं तशीच आहे. त्याला मिळाला की नंबर मलाही दे, म्हटलं.