कॅमेरा कुठं उभा होता ते सांग

प्रिय पोरा,

तुझा लेख वाचला, आणि लेखापेक्षा त्याच्याखाली तू जे घाबरत घाबरत लिहिलंयस तेच जास्त वेळ वाचत बसलो. "काका, पिक्चर बघताना जागचा हललो नाही, पण त्याचं राजकारण पटलं नाही. आता चांगला म्हणू की वाईट? एका ग्रुपवर मला देशद्रोही म्हणाले आणि दुसऱ्यावर भक्त." तू बरं लिहितोस वगैरे सांगत बसत नाही. ते तुला माहीत आहे, नाहीतर खानापुरातनं एवढ्या रात्री एवढा लांबलचक मेसेज टाकला नसतास.

तुझ्या लेखात काय नाही ते सांगतो. स्टोरी आहे, अ‍ॅक्टिंग "दमदार" आहे, बॅकग्राउंड म्युझिक "अंगावर काटा आणणारं" आहे, शेवटी साडेतीन स्टार आहेत. आणि कॅमेरा कुठं उभा होता ते एका ओळीतसुद्धा नाही. एका ओळीत नाही गा!

कॅमेरा कुठं उभा होता म्हणजे अँगल-बिंगल विचारत नाही मी. आपण कुणाबरोबर घरात शिरलो, कुणाला नुसतं लांबनं बघितलं, कुठली गोष्ट आपल्याला आधी कळली आणि कुठली मुद्दाम मागं ठेवली, कुणाला धड तोंडच उघडू दिलं नाही, हे विचारतोय. गुन्ह्याचा पिक्चर असू दे नाहीतर राजकारणाचा, थ्रिलरचा सगळा धंदा ह्याच्यावर चालतो. लव्हस्टोरीत हे नाही बघितलं तर एकवेळ चालून जाईल, थ्रिलरमध्ये हे सोडलंस तर तू पिक्चरबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस, पिक्चर बघून तुला काय वाटलं तेवढंच लिहिलंयस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे. 'अ वेन्सडे' घे, २००८ चा. नसीरुद्दीन शाह एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसून पोलीस कमिशनरला फोन करतो, शहरात बॉम्ब ठेवलेत, चार अतिरेकी सोडा म्हणतो. पिक्चर छोटा, घट्ट, कुठं सैल पडत नाही. आता कॅमेरा बघ. तो ह्या माणसाबरोबर गच्चीवर बसतो, कमिशनरबरोबर कंट्रोल रूममध्ये बसतो. त्या चौघांबरोबर मात्र निवांत कधी बसत नाही, ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचा माल असल्यागत गाडीतनं जातात. कोर्टात तर कॅमेरा पाऊलही ठेवत नाही. म्हणून शेवटी त्या माणसाचा हिशेब आपल्याला पटतो, थेटरात टाळ्या पडतात. तुला ते राजकारण पटत नसेल तर "पटलं नाही" एवढं लिहून काय उपयोग, कुणालाही वाटेल की ह्याचा पक्ष दुसरा दिसतोय. त्यापेक्षा लिही की बघा, हा पिक्चर इथं इथं उभा राहतो, इथं उभाच राहत नाही, म्हणून ही टाळी वाजते. मग चांगला का वाईट हा प्रश्न तुझा राहत नाही. कसब कसबाच्या जागी लिहिता येतं आणि राजकारण कुठनं आत आलं ते बोट ठेवून दाखवता येतं. आणि तुला भक्त म्हणणाऱ्याला नि देशद्रोही म्हणणाऱ्याला दोघांनाही परत पिक्चर बघावा लागतो.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आपण बेळगावची माणसं, आपल्याला हे शिकायला फिल्म इन्स्टिट्यूट कशाला पाहिजे? १ नोव्हेंबर आठव. एकाच दिवशी एकाच गावात एकीकडं बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी, दंडाला काळ्या फिती, आणि तिकडं चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, डीजे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर मराठी पेपर आणि कन्नड पेपर शेजारी शेजारी पडलेले असतात. मी शहापुरात छापखान्यात प्रूफं तपासायचो तेव्हापासून मला ही सवय, दोन्ही उघडायचे आणि फोटो बघायचे. मजकूर नंतर. फोटोग्राफर पोलिसांच्या पाठीमागं उभा होता की फेरीतल्या माणसांच्यात, गर्दी वरनं गॅलरीतनं घेतलीय की रस्त्यावरनं चेहरे दिसतील अशी. दोन्ही फोटो खरे असायचे रे, एकातही काही खोटं मिसळलेलं नसायचं. पण एका फोटोत माणसं असायची आणि दुसऱ्यात नुसता बंदोबस्त. ज्यानं हे बघितलंय त्याला पॉलिटिकल थ्रिलरमधला मोर्चाचा सीन कुणी शिकवायला नको. आणि तू, जो ह्याच मातीत वाढलास, तू लिहितोस "मोर्चाचा सीन भव्य झाला आहे". कुणाच्या बाजूनं भव्य? सांग की!

जरा चिडलो. राहू दे, खोडत नाही.

'अर्धसत्य' बघितलास का पुरता? का नुसत्या क्लिपा बघितल्यास? १९८३ चा पिक्चर, गोविंद निहलानींचा, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा तेंडुलकरांची. हिंदी आहे म्हणून लांबचा समजू नकोस, त्याची मुळं मराठीत आहेत. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर. कॅमेरा त्याला सोडतच नाही. बापाचा जाच, लहानपणी बघितलेली आईची मारहाण, साहेबांपुढं होणारा अपमान, सगळं आपण त्याच्या खांद्यापाशी उभं राहून बघतो, म्हणून तो चिडला की आपणही चिडतो. आणि मग तो कोठडीत एका किरकोळ चोराला मरेपर्यंत मारतो. तेव्हाही कॅमेरा त्याच्याजवळच आहे, आता पळायला जागा नाही. इतका वेळ तू त्याच्या बाजूनं होतास ना, मग हे घे. हेच जर चोराच्या घरापासून सुरू केलं असतं तर वेलणकर पहिल्या रिळापासून व्हिलन झाला असता आणि आपण आरामात घरी गेलो असतो. तेंडुलकरांचं मोठेपण सांगायचं तर ह्या जागेवर सांग, "ज्वलंत वास्तव" असलं काही लिहू नकोस.

त्याच्या उलट 'ब्लॅक फ्रायडे'. १२ मार्च १९९३ चे मुंबईचे स्फोट, २५७ माणसं गेली. एस. हुसेन झैदींच्या पुस्तकावरनं अनुराग कश्यपनं केला. २००४ ला तयार होता पण खटला चालू होता म्हणून हायकोर्टानं थांबवला, लागला २००७ च्या फेब्रुवारीत. ह्यात कॅमेरा एका जागी थांबत नाही, मुद्दाम थांबत नाही. थोडा वेळ तपास करणाऱ्या राकेश मारियांबरोबर, मग फरार झालेल्या बादशाह खानबरोबर, गावोगाव लपतोय, पैसे संपतायत, ज्यांच्यासाठी केलं ते फोन उचलत नाहीत. पोलीस आरोपींच्या घरच्या बायकांना आणून बसवतात तेही दाखवतो. आणि क्रम बघ. आधी स्फोट, मग तपास, आणि त्याच्या आधीच्या दंगली शेवटाकडं. दंगली पहिल्यांदा दाखवल्या असत्या तर पिक्चर "हे केलं म्हणून ते झालं" असा झाला असता. दाखवल्याच नसत्या तर अजून वेगळा झाला असता. कधी दाखवलं, हेसुद्धा कॅमेरा कुठं उभा होता ह्याच्यातच येतं, लक्षात ठेव.

त्यातला झोपडपट्टीतला पाठलाग तर पेन घेऊन बघ. बोळातनं स्फोटातला आरोपी इम्तियाज पळतोय, मागं पोलीस. एरवी हिंदी पिक्चरमध्ये पाठलाग म्हणजे वेग. इथं पळणारा दमतो. पकडणारेही दमतात. तो थांबतो, हे थांबतात, सगळे धापा टाकतायत, परत सुरू. एवढा लांबवलाय की हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. का लाज वाटते? कारण पोट सुटलेला पोलीस आणि तो पोरगा दोघंही सारखेच घामाघूम दिसतात, कॅमेरा दोघांच्या सारखाच जवळ आहे. मी ह्या एका सीनवर अख्खा लेख लिहिला होता. तो छापला नाही. "स्टोरी कुठाय, स्टार किती" म्हणाले.

तो पेपर कुठला ते सांगणार नाही, तिथली माणसं आता नाहीतही. पण तेव्हापासून मी स्टार द्यायचं बंद केलं ते केलंच, कॉलम गेला तर गेला. लोक म्हणतात म्हातारा हट्टी आहे. असू दे. तीन स्टार आणि साडेतीन स्टार ह्यातला अर्धा स्टार म्हणजे काय हे मला आजवर एकानंही सांगितलेलं नाही. तुला एक पोर्टलवाला स्टार द्यायलाच लावतोय म्हणालास. देऊ नकोस. पैसे देत असेल तरी देऊ नकोस, आणि फारच घरची अडचण असेल तर दे, पण लेखात कॅमेरा कुठं उभा होता ती ओळ त्यानं कापली तर लेख मागं घे. एवढं तरी कर.

तू विचारलंस की मुंबईला गेल्याशिवाय ह्यात काही होत नाही का. मला पुण्याला यायला सांगितलं होतं एकानं, नोकरी होती. नाही गेलो. आईचं दुखणं होतं, छापखाना होता, आणि खरं सांगायचं तर जायचंच नव्हतं. कधी कधी वाटतं गेलो असतो तर निदान एक पुस्तक झालं असतं, इथं कात्रणांची फाईल आहे आणि तिला कसर लागलीय. पण पोरा, तिकडं गेलो असतो तर प्रीव्ह्यूला बोलावलं असतं, डायरेक्टरबरोबर चहा प्यालो असतो, मग तू कुणाला वगळलंस हे त्याच्या तोंडावर विचारायला माझी जीभ उचलली असती का? इथं स्वरूप-नर्तकीला स्वतःच्या पैशानं तिकीट काढून बघितलं, कुणाचं देणं लागत नव्हतो. शिवाय आपल्याला तीन भाषा फुकट मिळाल्यात. पुण्यातल्या किती जणांनी 'दृश्यम' कन्नडमधनं बघितला असेल?

तू कन्नड आणि हिंदी दोन्ही बघ. मूळ मल्याळम २०१३ चा, कन्नडमध्ये 'दृश्य' रविचंद्रनचा, हिंदी २०१५ ला निशिकांत कामतनं केला, गोव्यातला, म्हणजे चोर्ला घाट उतरला की आपल्या पलीकडलाच. गोष्ट तीच, केबलवाला, त्याची बायको, दोन पोरी. (पुढं शेवट फोडतोय, बघितला नसशील तर हा पॅराग्राफ सोड.) आपण जवळजवळ सगळा वेळ त्या कुटुंबाबरोबर असतो, साहजिकच वाटतं आपल्याला सगळं माहीत आहे. मग पोलीस अंगणातला खड्डा खणतात आणि निघतं जनावराचं मढं. आपण फसलो! पण बायकोचा चेहरा बघ त्यावेळी, तीही तेवढीच चाट पडलेली आहे. पिक्चरनं आपल्याला तिच्या शेजारी उभं केलं होतं, नवऱ्याच्या शेजारी नाही, आणि हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं. लपवणं वेगळं आणि खोटं दाखवणं वेगळं, ते असं ओळखायचं. ज्या पिक्चरमध्ये पात्र एकटं असताना पण आपल्यासाठी नाटक करतं आणि शेवटी म्हणतं फसवलं की नाही, त्याला बिनधास्त फोडून काढ. तिथं दयामाया नको.

आणखी एक, "सत्य घटनेवर आधारित" असं सुरुवातीला आलं की तिथंच सावध हो. त्याच्या आधीची बारीक अक्षरातली पाटी पण वाच, त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की सगळं काल्पनिक आहे. दोन्ही एकाच पिक्चरमध्ये! मग घरी आल्यावर जुने पेपर काढ, वाचनालयात बस, काय घडलं होतं आणि काय रचलंय ते वेगळं कर. नावं बदललेली चालतात, दोन माणसांचा एक माणूस केलेला चालतो. पण जो माणूस खऱ्या घटनेत होता आणि पिक्चरमध्ये औषधालाही नाही, तो का नाही ते विचारायचं. ह्याला वेळ लागतो. शुक्रवारी रात्री रिव्ह्यू टाकायची घाई असेल तर हे होणार नाही, म्हणून तुला सांगतो घाई सोड, पहिला येऊन तुला कुठला कप मिळणार आहे?

आता लेखाचं. पहिले दोन पॅराग्राफ काढून टाक, ती स्टोरी ट्रेलरमध्येच आहे. तिसऱ्यात तू एक वाक्य सहज लिहून गेलायस, की मंत्र्याच्या बंगल्यात आपण चार वेळा जातो पण ज्याचं घर पाडलं त्याचं दार एकदाही आतनं दिसत नाही. अरे लेका, हाच तुझा लेख! हे तू बघितलंस आणि तुलाच कळलं नाही काय बघितलंस ते. तिथनं सुरू कर. पिक्चर परत बघ, ह्यावेळी वहीत फक्त एवढंच लिही की कुठल्या सीनमध्ये आपण कुणाच्या जवळ आहोत, बाकी काही नको. अंधारात अक्षर एकावर एक चढतं, चढू दे. ग्रुपवरच्या लोकांना उत्तर देत बसू नकोस तोवर. रविवारी बाजाराला बेळगावात येशीलच, तेव्हा वही घेऊन ये. दुपारी तीननंतर ये, आधी मी झोपतो.

तुझा,
काका