झेंड्यातला भगवा नक्की कुणाचा?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, १५ ऑगस्टला तिचं झेंड्यावर भाषण आहे. तिचे आजोबा म्हणतात भगवा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. पुस्तकात मात्र त्याग, शांती वगैरे आहे. खरं काय? सासऱ्यांना चूक म्हणायला मला जड जातं.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, सासरे चूक नाहीत हो, ते फक्त १९२१ वरच थांबलेत. त्या वर्षी बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचं डिझाईन दाखवलं, त्यात लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा असंच होतं, मग बाकीच्यांसाठी पांढरा पट्टा आणि मधे चरखा ही गांधीजींची सूचना. तेव्हा पांढरा सगळ्यात वर होता आणि लाल खाली.

पण असं रंग वाटायला बसलं की संपतच नाही ना! शीख म्हणाले आमचाही रंग घ्या, आणि त्यांचं काय चुकलं? म्हणून १९३१ मधे काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली, पटेल, नेहरू, मौलाना आझाद, शीखांचे नेते मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, डॉ. हर्डीकर आणि आपले साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर. ह्या समितीनं काय सुचवलं माहितीये? अख्खा झेंडा एकाच केशरी रंगाचा, त्यावर चरखा! आझाद आणि तारासिंग एकाच समितीत बसून हे सुचवतात, मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं. ते मान्य झालं नाही, तिरंगाच ठेवला, पण लालच्या जागी केशरी आला, तो वर गेला, आणि ठरावातच स्पष्ट लिहिलं की रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा सत्य आणि शांती, हिरवा श्रद्धा आणि शौर्य. म्हणजे पुस्तकातला अर्थ नंतर कुणी गोड करून चिकटवलेला नाही, भांडण होऊन, विचार करून ठरवलेला आहे, आणि माझ्या मते आपल्या झेंड्याची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं झेंडा स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथचं अशोकचक्र आलं. एक साधी अडचण पण होती, चरखा मागच्या बाजूनं उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखंच. त्याच सभेत राधाकृष्णन हिरव्याबद्दल बोलले ते मुलीला नक्की सांगा, हिरवा म्हणजे आपलं मातीशी आणि झाडापिकांशी नातं, ज्यावर बाकी सगळ्यांचं जगणं अवलंबून आहे. परभणीच्या पोरीला हे वेगळं समजवायला नको.

भाषणाची सुरुवात आजोबांच्याच वाक्यानं करू द्या, "माझे आजोबा सांगतात..." आणि मग १९३१ वर या. त्यांनाही आवडेल.

प्रश्न : घरावर पॉलिस्टरचा झेंडा लावला तर चालतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चालतो. डिसेंबर २०२१ मधे ध्वजसंहिता बदलली, तेव्हापासून पॉलिस्टर आणि मशीनवरचा पण चालतो, जुलै २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. फाटला, मळला की मात्र उतरवायचाच. जमलं तर खादीचा घ्या, आपल्या नांदेडलाच बनतात.