गंजलेला पूल पडत कसा नाही?

प्रश्न: आमचं गाव भुसावळजवळ. मेव्हण्यांनी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलाचा फोटो पाठवला, अख्खा पूल तांबडा-तपकिरी, रंगाचं नाव नाही, आणि म्हणे मुद्दाम तसा ठेवलाय! आमच्या बोअरचा पाईप तर गंज लागला की गेलाच समजा. मला नाला ओलांडून केळीच्या बागेत जायला छोटा लोखंडी पूल टाकायचाय, पाण्यापासून चारेक फुटांवर. हेच लोखंड वापरलं तर रंगाचा खर्च वाचेल का?

उत्तर: भाऊ, फोटो खरा आहे, तो पूल १९७७ चा, कमानीचा गाळाच ५१८ मीटरचा. हे वेदरिंग स्टील, बाजारात कॉर्टेन म्हणतात. साध्या लोखंडाचा गंज भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचं लोखंड परत उघडं पडतं, यात मात्र थोडं तांबं, क्रोमियम, निकेल असं घातलेलं असतं, त्यामुळे गंज पातेल्याच्या बुडाला खरवड धरावी तसा घट्ट बसतो आणि आतलं लोखंड झाकून टाकतो. १९३० च्या दशकात ते आलं तेच मुळात रेल्वेच्या कोळशाच्या वॅगनींसाठी, आपल्या मालडब्यांतही वापरलंय, म्हणजे भुसावळच्या यार्डात तुम्ही ते पाहिलंही असेल.

पण ही खरवड धरायला लोखंड भिजलं पाहिजे आणि परत खडखडीत वाळलं पाहिजे. सतत ओल किंवा मीठ असलं की खेळ खलास. अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पूल इतके खराब झाले की १९८० मध्ये त्यांनी हे स्टील वापरणंच बंद केलं. पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल जानेवारी २०२२ मध्ये कोसळला, तोही याच स्टीलचा, पाण्याचा निचरा तुंबलेला, पायांशी पालापाचोळा साचून ओल धरलेली, आणि तपासणीत वर्षानुवर्षं सांगूनही कोणी हात लावला नाही!

आता तुमचा नाला. आपल्या खान्देशची कोरडी हवा या स्टीलला मानवेल हो, पण अमेरिकेच्या महामार्ग खात्याचा सल्ला असा की वाहत्या पाण्यापासून ८ फूट आणि साचलेल्या पाण्यापासून १० फुटांच्या आत हे उघडं वापरू नये. तुमचे चारच. वर केळीला पोटॅश देणार, ते म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, लोखंडाच्या दृष्टीने मिठाचाच सख्खा भाऊ, गोणी पुलावर सांडली की झालं. त्यापेक्षा साध्या गर्डरला गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, करून घ्या, आणि टोकं मातीत गाडू नका, काँक्रीटच्या ओट्यावर ठेवा.