ताकाशी शिमुरा: 'चरित्र अभिनेता' की 'सहायक अभिनेता'?

प्रश्न असा आहे: जपानी नट ताकाशी शिमुरा (१९०५–१९८२) यांच्यावर लिहिताना त्यांना 'चरित्र अभिनेता' म्हणावं, की 'चरित्र' म्हटल्यावर मराठी वाचकाला चरित्रपट आठवेल म्हणून 'सहायक अभिनेता' लिहावं?

'चरित्र अभिनेता'च लिहा. मराठीत 'चरित्र' म्हणजे जीवनकथा, हे खरंच. पण हा जोडशब्द हिंदी सिनेमावरच्या लेखनातून आपल्याकडे रुळला आहे आणि वाचक तो अडखळल्याशिवाय वाचतो. फक्त त्याच वाक्यात 'चरित्रपट' येऊ देऊ नका.

'सहायक' हे एका चित्रपटातल्या भूमिकेचं स्थान आहे, पुरस्काराच्या यादीत शोभणारं. 'चरित्र अभिनेता' ही नटाची जात आहे: नायक म्हणून मिरवण्यापेक्षा निरनिराळ्या स्वभावांची माणसं उभी करणारा नट. शिमुरांची कारकीर्द पाहिली की हा फरक लख्ख दिसतो. दोनशेहून अधिक चित्रपट, त्यांतले २१ दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे. 'राशोमोन'मध्ये (१९५०) ते लाकूडतोड्या आहेत. 'इकिरू'त (१९५२) मात्र पोटाच्या कर्करोगाने मरणारा नगरपालिकेतला अधिकारी ही मध्यवर्ती भूमिका त्यांचीच. तिथे 'सहायक' लिहिलंत तर ती चूकच. उलट 'चरित्र अभिनेता मुख्य भूमिकेत' हे वाक्य बिनदिक्कत लिहिता येतं. बसलेला आवाज, अर्ध्यावर सुटणारी वाक्यं, खाली गेलेली नजर: 'इकिरू'तला हा अधिकारी उभा करायला नायकाचा चेहरा चाललाच नसता. १९५४ मध्ये 'सेव्हन सामुराई'तला सामुराईंचा म्होरक्या काम्बेई आणि 'गोजिरा'तले (गॉडझिला) शास्त्रज्ञ डॉ. यामाने, दोन्ही भूमिका शिमुरांच्याच. काम्बेई ओलीस धरलेल्या मुलाला सोडवण्यासाठी भिक्षूचं सोंग घेतो, त्यासाठी डोक्याचा तुळतुळीत गोटा करतो, आणि मग चित्रपटभर विचारात पडला की त्या डोक्यावरून हात फिरवत राहतो. चरित्र अभिनय म्हणजे काय, हे सांगायला एवढी लकब पुरे.

'दुय्यम नट' अजिबात नको, त्यात कमअस्सलपणाची छटा येते. जपानीत रूढ शब्द 'वाकियाकू': 'वाकी' म्हणजे बाजू, 'याकू' म्हणजे भूमिका. नो या जपानच्या पारंपरिक मुखवटा-नाट्यातला 'वाकी' हा बाजूचा नट बहुधा फिरस्ता भिक्षू असतो. तो मुखवटा घालत नाही, पण प्रश्न विचारून मुख्य पात्राला बोलतं तोच करतो. 'सहनट' हा शब्द 'वाकियाकू'च्या अर्थाच्या थोडा जवळ जातो, पण मराठीत सहनट म्हणजे बरोबर काम करणारा कोणीही.

जाता जाता: जपानीत आडनाव आधी येतं, शिमुरा ताकाशी. मराठीत दोन्ही क्रम चालतील, पण एका लेखात एकच ठेवा. नुसत्या आडनावाने उल्लेख करायचा तर 'शिमुरा' लिहा, 'ताकाशी' नको.